केसाएवढी फट

हुरड्याचे दिवस आले की माझ्या दाढा ठणकतात. त्यातल्या दोन तर आता जागेवरही नाहीत, तरी ठणकतात. दातांच्या डॉक्टरला हे सांगितलं तर तो हसेल, म्हणून मी सांगत नाही. हसणाऱ्या लोकांचा मला पहिल्यापासून कंटाळा आहे.

यंदा लेक, सूनबाई आणि नात मुक्ता पुण्याहून पेडगावला माझ्याकडे आले. सोबत लेकाच्या ऑफिसातली दोन कुटुंबं. हुरडा खायला येणं असं आता कुणी म्हणत नाही. हुरडा पार्टी म्हणतात. शेतात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पुड्यातली शेव, आणि आगटीच्या धुराने डोळे चुरचुरले की गाडीत जाऊन बसणारी माणसं. कणीस हातावर चोळायचं कसं हे त्यांना आमच्या गड्याने दाखवलं, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कणीस चोळल्याबद्दल टाळ्या! गड्याने माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे.

मुक्ता मात्र गप्प बसली होती. हातावर गरम हुरडा, आणि एकेक दाणा पुढच्या दातांनी कुरतडत होती. मी म्हटलं, काय गं, आवडला नाही का? तर तिने तोंड उघडून दाखवलं. मागच्या दाढांच्या मध्ये दोन्ही बाजूंना निळी रबरं बसवलेली, बारीक मण्यांसारखी. पुढच्या आठवड्यात दाढांवर पट्ट्या बसणार होत्या, म्हणून आधी जागा करायला घातलेली. दुखतं, म्हणाली. चावता येत नाही.

"काढून टाकू का गं ती?" सूनबाई म्हणाली. "एवढं लांब आलोय हुरडा खायला. फोटोपण काढायचेत. परत बसवून घेऊ ना पुण्यात गेल्यावर."

"त्या रबराला हात लावशील तर याद राख," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सूनबाईला इतक्या वर्षांत मी वाकडा शब्द बोललेले नाही. लेक म्हणाला, "आई, अगं रबर आहे ते, केवढंसं." हो ना, केवढंसंच. जगातल्या सगळ्या थोर माणसांना ते केवढंसंच वाटतं, कारण ते त्यांच्या तोंडात नसतं.

माझं माहेर बोरीचं. गोष्ट आहे तो हिवाळा हैदराबाद राज्य मोडायच्या आधीचा. निजाम जाऊन काही वर्षं झाली होती, पण आम्ही अजून हैदराबाद राज्यातच होतो, आणि आता आम्हाला कुठे जोडणार यावर गावात दुसरं बोलणं नव्हतं. आमचे वडील, अण्णा, या चर्चेतले मोठे गडी. ओसरीवर रोज बैठक. चहा मी करायचा, मुंबई राज्यात ते जायचे. अख्खा मुलूख एकीकडून उचलून दुसरीकडे नीट बसवायचा म्हणजे आधी सांधे कुठे सोडवायचे, यावर अण्णा हात उडवून बोलत. त्याच ओसरीच्या मागच्या खोलीत त्यांच्या मुलीच्या दातांचे सांधे सोडवले जात होते, त्यावर त्यांचं काहीही मत नव्हतं.

माझे वरचे दात पुढे होते. थोडेथोडके नाहीत, चांगलेच. ओठ मिटायचे नाहीत. मिटायचे तर हनुवटी आवळून, जोर लावून मिटायचे, आणि लक्ष जरा हटलं की परत उघडे. त्यामुळे मी सदा हसते आहे असं दिसायचं. लोक सुरुवातीला म्हणत, पोर हसरी आहे. मग म्हणत, पोर उथळ आहे. मी नऊ-दहा वर्षांची असताना माझी आई गेली. तिला अंगणात ठेवलं होतं, मी पायापाशी उभी होते, आणि मला काही कळायच्या आत आत्याबाईंनी सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत मारली.

"माय मेली अन् दात काय काढायलीस?"

मी दात काढत नव्हते. मी रडत होते. माझ्या रडण्याला चेहराच नव्हता, एवढंच.

हे मी कुणाला सांगितलं नाही. पुढे मोठा भाऊ हैदराबादेत डॉक्टरकी शिकायला लागला आणि एका सुट्टीत मोठ्या ऐटीत म्हणाला, "तुझे दात आत घेता येतात आता. विलायतेहून शिकून आलेला एक डॉक्टर आहे." आत्याबाई म्हणाल्या, बरं होईल, पोरीला स्थळ येईल. अण्णा म्हणाले, बरं होईल.  मला स्थळ नको होतं आणि देखणं दिसायचंही नव्हतं. मला तोंड मिटायचं होतं. पुन्हा घरात कुणी मेलं, तर मला रडताना रडते आहे असं दिसायला हवं होतं.

तो डॉक्टर एक बरा माणूस होता. माझ्या आयुष्यातल्या बऱ्या माणसांची यादी मोठी नाही, म्हणून त्याला घातलंय. त्याने भावाशी इंग्रजीत बोलणं थांबवलं, खुर्ची ओढली आणि माझ्याशी बोलला. "दाँत हड्डी में ठोंके वे नैं रहते, बेटी," तो म्हणाला. "डोरियों पे टँगे रहते." बाजेला सुतळी विणलेली असते तसे दाताभोवती धागे असतात, आणि दात त्यावर तरंगत असतो. एका बाजूने हळू पण सारखा दाब दिला की तिकडचं हाड विरघळतं, दात सरकतो, आणि मागे राहिलेल्या जागेत नवीन हाड भरतं. जोर लावायचा नाही. जोर लावला तर दात अडतो. थोडा दाब आणि पुष्कळ धीर. मी ऐकत होते, आणि मला वाटत होतं की एवढं शहाणं वाक्य आमच्या ओसरीवर कधी कुणी बोललं नाही.

पुढचे दात मागे ओढायचे तर मागे काहीतरी पक्कं हवं, खळ्यात बैल ज्याच्याभोवती फिरतात तो तिवड्याचा खांब मधोमध रोवलेला असतो तसं. तो खांब म्हणजे दाढ. तिच्याभोवती पोलादाची पातळ पट्टी बसवायची. पण दाढा एकमेकींना इतक्या चिकटून असतात की मध्ये नखही जात नाही, मग पट्टी जाणार कुठून? म्हणून आधी दाढांच्या मध्ये पितळेची बारीक तार ओवायची, जिथे दोन दाढा टेकतात त्याच्या खालून घालून वरून आणायची, टोकं पिळायची, आणि पिळलेलं टोक हिरडीशी दडवायचं. आठवडाभरात तार दाढांना केसाएवढं बाजूला सारते. मग तार काढायची आणि लगेच पट्टी बसवायची. लगेच, हे त्याने दोनदा सांगितलं. ते धागे ताणलेले असतात. मध्ये काही नसलं की दाढा परत आपल्या जागी येतात, आणि केलेलं सगळं पाण्यात जातं.

भाऊ वसतिगृहात राहायचा. तरण्या मुलीला हैदराबादेत ठेवायचं कुठे? म्हणून तारा घालून मला आगगाडीने परभणीला आणि तिथून मोटारीने बोरीला परत आणलं. आठवड्याने भाऊ न्यायला येणार असं ठरलं. पहिल्या दिवशी काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडीतून उतरताना दाढेवर दाढ टेकली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. भाकरी कुसकरून दुधात, दूध नसलं तर वरणात. बाहेर शिवारभर हुरडा भाजला जात होता, वाऱ्यावर त्याचा वास घरात यायचा, आणि मी दुधातली भाकरी गिळत होते. पण त्या दुखण्याचा मला राग आला नाही. माझ्यासाठी काहीतरी घडत होतं, आणि दुखत होतं म्हणजे घडत होतं.

मग आत्याबाईंना कळलं की तार पितळेची आहे.

"पितळ? कल्हई हाय का त्याला?"

मी म्हटलं, नसावी.

"बिनकल्हईचं पितळ अन् तोंडात? आंबट लागलं की कळकन, पोरी! इख होईल!"

आमच्याकडे पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर त्यात ताक ठेवत नाहीत, ते कळकतं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. भांड्यापुरतं ते खरंही आहे. पण खरी गोष्ट चुकीच्या ठिकाणी नेऊन ठेवण्यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही. माझं ताक बंद झालं. चिंच बंद, लिंबू बंद, अंबाडीची भाजी बंद. शेजारच्या बाया येऊन माझ्या तोंडात डोकावून गेल्या. एकीने विचारलं, थुंकी आंबट असती का गोड? त्यावर बराच वेळ खल झाला. शेवटी कुणीतरी म्हणालं, गावात कल्हईवाला बसलाय, त्यालाच बोलवा. आणि खरंच बोलावलं! तो भाता, कोळसे, नवसागर घेऊन दारात आला, काय काम आहे ते ऐकलं, आणि हसून हसून त्याला ठसका लागला.

"आपा, बच्ची के मूँ में भट्टी कैसी लगाऊँ?"

मग आत्याबाईंनी त्याच्याकडून दोन पातेली कल्हई करून घेतली, म्हणजे बोलावणं वाया गेलं नाही.

त्याच आठवड्यात पेडगावचे पाहुणे आले. मुलगी बघायला नाही, हुरडा खायला. आमच्याकडची ही जुनी युक्ती होती. नकार द्यायचा असला तर म्हणायचं, आम्ही हुरड्याला आलो होतो. पसंत पडली तर म्हणायचं, हुरडा लय गोड निघाला. मुलीने आगटीपाशी बसून दाणे चोळून वाढायचे, आणि पाहुण्यांनी दाणे बघतो असं दाखवून मुलगी बघायची. सगळ्यांना सगळं ठाऊक, आणि सगळे ज्वारीवर बोलताहेत. भित्र्या माणसांनी काढलेली रीत होती ती.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच आत्याबाईंनी सोनाराला बोलावून आणलं.

"आत्याबाई, डॉक्टरांनी सांगितलंय, तारा काढल्या की लगेच पट्टी बसवायची. न्हाईतर दाढा परत मिटतेत."

"पाव्हण्यांपुढं तोंडात पितळ घेऊन बसतीस का? अन् कळकलं तर मंग कोण निस्तरील? आठ दिस झाले की जवळजवळ. जे व्हायचं ते झालं आसल."

मी अण्णांकडे पाहिलं. ओसरीवर ते कुणाला तरी सांगत होते की एकदा काम हाती घेतलं की ते अर्धवट सोडणं म्हणजे मुलखाचं नुकसान. मी हाक मारली. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, आत्याबाईंकडे पाहिलं, सोनाराच्या चिमट्याकडे पाहिलं. "तुमचं बायकांचं तुमी बघा," म्हणाले, आणि परत मुंबई राज्यात गेले. माझ्या वडिलांबद्दल लोक अजून आदराने बोलतात. मी ऐकून घेते.

सोनाराने तारा कापल्या. हातावर ठेवल्या, अळीएवढ्या, वळलेल्या. त्याबरोबर ठणका गेला, आणि जीभ लावली तर तिथे जागा होती. खरोखर जागा. दोन दाढांच्या मध्ये केसाएवढी फट, जी आदल्या आठवड्यात नव्हती. ती मी केली होती, दुधातली भाकरी गिळून गिळून. आणि ती आता मिटायला लागणार होती.

मी मागच्या खोलीत गेले. वाकळ शिवायचा दोरा होता, तो दुहेरी केला आणि फटीत ओढून बसवला. सैल वाटला म्हणून तिहेरी केला. एकेक फट, दोन्ही बाजू. सुती दोरा ओला झाला की फुगतो, आणि तोंडात तर तो ओलाच राहणार. अर्ध्या तासात ठणका परत आला. एवढा आनंद मला कुठल्या दुखण्याने कधी दिला नाही.

संध्याकाळी आगटीपाशी मी दाणे चोळले आणि वाढले. पाहुण्यांत मुलाचे चुलते होते, मिशीवाले. ते दाणे बघतो असं न दाखवताच सरळ माझ्या तोंडाकडे बघत होते, बाजारात बैलाकडे बघतात तसे. दाढा इतक्या ठणकत होत्या की मी ओठ आवळून धरले होते. मला विचारलं, नाव काय. मी सांगितलं. स्वयंपाक येतो का. मान हलवली. हुरडा का खात न्हाईस, पोरी? मी खाली बघितलं.

"पोरगी लय शांत हाय," चुलते म्हणाले. "आमाला कुणी सांगितलं व्हतं, सारखी दात काढती. तसलं काय न्हाई. तोंड उघडत न्हाई बिचारी." मग त्यांनी जवसाच्या चटणीला बोट लावून चाखलं आणि म्हणाले, "अण्णा, हुरडा लय गोड निघाला बरं का."

म्हणजे मला पसंत केलं ते माझ्या दुखण्याने. दुखत नसतं तर ओठ सुटले असते, ओठ सुटले असते तर पाहुणे नुसता हुरडा खाऊन गेले असते. दुखलं नसतं तर बरं झालं असतं की वाईट, हा हिशेब मी पुढे पुष्कळ वेळा मांडला, उत्तर दर वेळी वेगळं आलं. नवरा वाईट नव्हता. पण त्याचं श्रेय त्याचं होतं, चुलत्यांचं नव्हे.

दोन दिवसांनी भाऊ आला. मी कपडे बांधून बसले होते. दोरे रोज बदलत होते, फट जशीच्या तशी होती. आत्याबाई त्याला दारातच म्हणाल्या, "आता कशाला नेतोस तिला? पसंत केलं की त्यांनी. अशीच केली, दातांसकट."

मला वाटलं, हा शिकलेला आहे. हा बोलेल.

"मग प्रश्नच मिटला," भाऊ म्हणाला. "आता गरजच काय?"

मी त्याला बाजूला घेतलं. नुसतं तोंड उघडून दाखवलं. त्याने मला उजेडाकडे वळवलं, डोकावून पाहिलं, एका दोऱ्याला नख लावून पाहिलं. "अगं, ही तर छान टिकवलीस की!" म्हणाला. "कमाल आहे तुझी. डॉक्टरांना सांगतो मी." आणि माझ्या पाठीवर थाप मारून हुरडा खायला शेतात गेला. पुढे तो जिल्ह्यातला नावाजलेला डॉक्टर झाला. माणसाच्या तोंडात बघायचं आणि माणूस बघायचा नाही, ही विद्या त्याला शिकायच्या आधीपासूनच येत होती.

त्यानंतरही मी काही दिवस दोरे घालत राहिले. कशासाठी, ते माझं मलाही सांगता यायचं नाही. एका सकाळी जुना दोरा काढला आणि नवा घातला नाही. जीभ दिवसभर तिथे जात राहिली. दुपारी फट होती, संध्याकाळी जिभेला लागेना, दुसऱ्या दिवशी दाढा अशा मिटल्या की त्यांच्यात कधी काही घडलंच नव्हतं. घरात कुणाला काही कळलं नाही. ओसरीवर त्या दिवशी मराठवाडा कुठे जाणार हे जवळजवळ ठरलं होतं.

लग्न बोरीला झालं. पाठवणीच्या वेळी परभणीहून बोलावलेल्या फोटोग्राफरने आम्हा दोघांना उभं करून फोटो काढला. तो फोटो पेडगावच्या घरात भिंतीवर आहे. सासूबाई आल्यागेल्याला दाखवत, बघा सून कशी हसत हसत घरी आली. नवराही कौतुकाने म्हणायचा, "त्या दिवशी तू लय खुशीत होतीस." मी त्याला कधी खोटं पाडलं नाही. तो गेला तेव्हा मी पदर तोंडात कोंबून बसले आणि दिवसभर काढला नाही. बायका म्हणाल्या, किती रीतीने वागते. मला रीत नको होती. मला नवऱ्यासमोर दात काढणारी बाई व्हायचं नव्हतं.

तर परवा पाहुणे गेल्यावर मुक्ता घरात आली. रबरं जागेवर होती. मी शेतात दिवसभर तिच्या शेजारून हलले नव्हते आणि तिला मऊ वांग्याचं भरीत भरवत होते. सूनबाई जरा फुगली होती, फुगू दे. मुक्ता गालाला हात लावून भिंतीपाशी उभी राहून फोटो बघत होती. सूनबाई मागून म्हणाली, "बघ, आजी किती हसतीये. नाहीतर आत्ताच्या नवऱ्या, नुसती पोज."

 मुक्ता जवळ गेली. नाक काचेला टेकेल एवढी जवळ.

"नाही गं आई," ती म्हणाली. "रडतीये ती."

मी चष्मा पुसत होते. पुसतच राहिले.

"आजी, तू रडतीयेस ना यात?"

"मग?" मी म्हटलं. "हसत असेन का?"